तांबटातला ‘ट’

एका वाचकानं विचारलंय : तांबट पक्षी आणि गव्हावरचा तांबेरा, दोघांनाही तांबड्या रंगावरूनच नाव पडलं ना?

तांबेऱ्याला, हो. रोगट पान चोळून बघा, बोटांना नारिंगी-तपकिरी भुकटी लागते. ते त्या बुरशीचे बीजाणू. विषय संपला.

तांबटाला मात्र अजिबात नाही! नागपूरच्या महाराजबागेत सकाळी फिरायला येणारे काका-मामा नातवंडांना त्याचं लाल कपाळ दाखवून ‘म्हणून तांबट’ असं सांगतात, आणि माझा दिवस नासतो. अहो, पक्षी आहे हिरवा. लाल काय ते कपाळ नि छातीवरचा डाग, आणि तोही कुंकवाचा लाल, तांब्याचा नव्हे. डोकं बघून नाव ठेवलं ते शास्त्रज्ञांनी : ‘हीमॅसेफॅलस’, रक्तासारख्या डोक्याचा. आपल्या लोकांनी कानावर भिस्त ठेवली. चोच मिटलेली, गळा फुगतोय, आणि टुक् टुक् टुक्... तांबटानं, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरानं, हंड्याला मठार मारत बसावं तसं, एका लयीत.

खरी मजा शेवटच्या ‘ट’मध्ये आहे. काही जाणकार म्हणतात, हा आंबट-तेलकटमधलाच ‘ट’. तांबट म्हणजे तांब्यासारखा. वा! मग सोनाराला सोनट आणि लोहाराला लोहट का म्हणत नाहीत? हा प्रत्यय चव आणि कळा सांगतो, कारागीर घडवत नाही. संस्कृतात तांब्याची भांडी घडवणाऱ्याला ‘ताम्रकुट्ट’ असा शब्दच आहे. ‘आम्र’चा आंबा झाला तसं ‘ताम्र’चं तांबं झालं. दोन स्वरांमधला ‘क’ गिळायची तर प्राकृताला सवयच. उरला तो ‘ट’. माझ्या मते हा ‘कुट्ट’चा ‘ट’. आपण मिरच्या कुटतो, तेच कुटणं. म्हणजे त्या पक्ष्याच्या नावाच्या शेवटी हातोडा बसलाय, आणि लोक रंग शोधत फिरताहेत.

हां, तांबेरा राहिलाच. गंमत बघा, दोघांत प्रवासी निघाला तो तांबेरा. गव्हावरचा काळा तांबेरा मैदानी उन्हाळ्यात टिकत नाही. निलगिरी-पळणीच्या डोंगरांवरून त्याचे बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन मध्य भारतात येतात. तांबट इथला कायमचा रहिवासी. मे महिन्यात पारा ४५ वर गेला, सिव्हिल लाइन्समध्ये चिटपाखरू दिसत नसलं, तरी कुठल्यातरी उंबरावर त्याचं कुटणं चालूच असतं.