कलोनचा नोव्हेंबर आणि लक्ष्मीपूजनाचं घुबड

तुम्ही विचारलंय की परदेशात राहताना तिथले शरद ऋतूतले सण कसे वाटतात, आणि आपले सण त्यात सुटतात का. मी दादरची. नोकरीमुळे काही वर्षं जर्मनीत कलोनला होते, तेवढ्यापुरतंच बोलते.

आपल्याकडे शरद म्हणजे ऑक्टोबर हीट आणि गच्चीवरची कोजागिरी. तिकडे हा ऋतू अंधार घेऊन येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात आणि सोमवारी ऑफिसातून निघावं तर बाहेर रात्र! लोक सण करतात ते या अंधारातच.

1 नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस. कलोन कॅथलिकांच्या मुलखात, म्हणून सुट्टी आणि दुकानं बंद. (दूध आदल्या दिवशीच आणून ठेवा.) लोक कबरी साफ करतात, शेवंती ठेवतात, लाल दिवे लावतात. नाचगाण्याच्या जाहीर कार्यक्रमांना त्या दिवशी कायद्यानेच मनाई असते. पितृपक्षात वाढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. आदल्या रात्रीचा हॅलोविन मात्र मला दुकानांपुरताच वाटला.

खरी मजा 11 नोव्हेंबरची. सकाळी बरोबर 11 वाजून 11 मिनिटांनी कार्निव्हलचा हंगाम सुरू होतो. रंगीबेरंगी सोंगं घेतलेली मोठी माणसं भर कामाच्या दिवशी ट्रॅममध्ये गात असतात. आणि संध्याकाळ पोरांची, सेंट मार्टिनची. हा मार्टिन रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. पुढे तो बिशप झाला आणि 397 साली 11 नोव्हेंबरला त्याचं दफन झालं. बिशप व्हायचं नव्हतं म्हणून तो हंसांत लपला आणि त्यांनी कलकलाट करून त्याला पकडून दिलं, अशी कथा आहे. त्याची शिक्षा हंस अजून भोगतायत, कारण त्या दिवसांत घरोघरी भाजलेला हंस असतो. आम्ही मासे खाणारे, पण तो काही आम्हाला जमला नाही.

मिरवणुकीत पुढे खऱ्या घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन, मागे बँड आणि काठीला कागदी कंदील लावलेली मुलं. शेवटी शेकोटी आणि हातात मातीची पाइप धरलेला, मनुकांच्या डोळ्यांचा माणसाच्या आकाराचा गोड पाव. मग मुलं दारोदार गाणी म्हणत खाऊ गोळा करतात. आपल्या भोंडल्यात गाणी आधी आणि खिरापत नंतर, तसंच हे.

कंदील मुलं बालवाडीत करतात आणि पालकांनाही कात्री-गोंद घेऊन बसवतात. 2015 साली लक्ष्मीपूजन नेमकं 11 नोव्हेंबरला आलं. मुलीने घुबडाचा कंदील केला होता. मिरवणुकीहून आल्यावर तोच खिडकीत टांगला, आकाशकंदील म्हणून. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, “अगं, दिवाळीत घुबड कशाला?” लक्ष्मीचं वाहन आहे म्हटल्यावर हसायला लागल्या.

आपले सण सुटतात का? थोडे सुटतातच. दिवाळीला सुट्टी नसते, कार्यक्रम सोयीच्या शनिवारी कुठल्यातरी हॉलमध्ये होतो. फराळासाठी जरूर जा, पण तिथीच्या संध्याकाळी घरी दोन पणत्या लावा आणि मग शेजाऱ्यांच्या सणात शिरा. कंदील घेऊन चालणाऱ्या मुलांमागे चालायला कुणी आमंत्रण मागत नाही.

आणि सुगीचा सण बघायला तर विमानही नको. जर्मनीत साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या वेदीपुढे भोपळे, धान्याच्या पेंढ्या, द्राक्षं, पाव मांडतात. त्याच रविवारी आपल्या ईस्ट इंडियन मंडळींचा, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांचा, आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. गोराई-मनोरीच्या बाजूला जाऊन बघा. मालाडच्या मार्वेहून मनोरीला फेरीबोट आहे, आणि गप्पा मराठीतच होतील.