टपावर काय चढवायचं, काय नाही

गेल्या महिन्यात चिखलातून गाडी ओढायच्या पट्ट्यांवर लिहिलं होतं, तेव्हा शेवटी सहज एक ओळ टाकली की कॅरिअर घ्यायच्या आधी एकदा विचारा, आणि तुम्ही ती फारच मनावर घेतलीत. त्यामुळे या वेळी सगळे प्रश्न टपावरचेच.

प्रश्न: दादा, माझी पाच दारांची जिम्नी आहे. सप्टेंबरात मनालीमार्गे लेहला जायचंय, मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. डिकी नावालाच आहे म्हणून पूर्ण लांबीचं कॅरिअर टाकायचं ठरवलंय. त्यावर एक जास्तीची स्टेपनी, पेट्रोलचे २० लिटरचे दोन कॅन, टूलबॉक्स, तंबू, शेगडी आणि छोटा सिलिंडर, पुढच्या बाजूला एलईडी बार. ओळखीचा फॅब्रिकेशनवाला लोखंडी बनवून देतोय, ॲल्युमिनियमचं रेडीमेड त्याच्या जवळजवळ तिप्पट पडतंय. कुठलं घेऊ? – पिंपरीहून एक वाचक

उत्तर: लोखंडी की ॲल्युमिनियम ते नंतर बघू, आधी वजनकाटा काढ. घरात आहे ना, बॅगा मोजायचा, तोच. तुझ्या यादीतलं एकेक त्यावर ठेव. स्टेपनी वीसेक किलो भरेल. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, २० लिटरचं साधारण १५ किलो, पण लोखंडी कॅनचे चार किलो वेगळे, म्हणजे दोन कॅनचे झाले ३८. टूलबॉक्स १५ धरू, तंबू, शेगडी, सिलिंडर मिळून आणखी १५. झाले ८८. आणि हे सगळं ज्यावर बसणार ते लोखंडी कॅरिअर स्वतःच तीस-पस्तीस किलोचं. म्हणजे सव्वाशेच्या घरात गेलास तू, आणि अजून दोरी बांधायची आहे.

आता तुलनेला सांगतो, ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीला सुझुकीने टपासाठी ३० किलोची मर्यादा दिलेली आहे. तीस! आणि लोक इथेच फसतात, त्या तीसमध्ये कॅरिअरचं स्वतःचं वजन धरलेलं असतं. मग वीस किलोचं देखणं ॲल्युमिनियमचं प्लॅटफॉर्म लावलं की वर ठेवायला उरले १०, म्हणजे तू पैसे भरून फक्त कॅरिअरच वाहून नेणार. तुझी गाडी लांब आहे, तिच्या मॅन्युअलमध्ये टपाचा आकडा शोध आणि तोच धर, विकणारा सांगतो तो नाही. विकणारा ‘१५० किलो आरामात’ म्हणतो ना, ते त्याच्या कॅरिअरची ताकद सांगतोय, तुझ्या टपाची नाही. शिवाय मॅन्युअलमधला आकडा डांबरी रस्त्याचा असतो. खडकावर चाक आदळलं की तेच वजन दुप्पट होऊन टपाच्या कडेच्या पन्हळीला, कॅरिअर जिथे बसतं तिला, हिसका देतं, म्हणून ऑफरोडला दिलेल्या आकड्याचा दोन तृतीयांशच धरायचा अशी जुन्या लोकांची पद्धत आहे आणि ती बरोबर आहे.

पेट्रोलचं म्हणशील तर मला ते कॅन मुळात पटतच नाहीत. मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावरची ती प्रसिद्ध पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटर, तिचे फोटो बघून सगळे घाबरतात. पण लेहच्या पस्तीसेक किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे, आणि तुझी टाकी ४० लिटरची. घाटात अगदी १० चं ॲव्हरेज धरलं तरी ४०० किलोमीटर झाले. टांडीला टाकी गळ्यापर्यंत भर आणि मधे वाकडी वाट करू नकोस. वाकडी वाट करायचीच असेल तर एकच कॅन, लोखंडी, मागच्या बाजूला बाहेर. प्लॅस्टिकचा नको, उंचीवर हवा विरळ झाली की तो फुग्यासारखा फुगतो आणि मग झाकणाशी पाझरतो.

मग टपावर काय न्यायचं? जागा खातं पण वजन नसतं ते. स्लीपिंग बॅगा, जॅकेटं, तंबू, मुलीचं ते फुगवायचं मॅट. टूलबॉक्स, पाणी, शेगडी सगळं आत, मागच्या सीटचा एक भाग पाडून खाली फरशीला चिकटून आणि पट्ट्याने बांधून, कारण करकचून ब्रेक मारला की सुटा टूलबॉक्स थेट पुढच्यांच्या मानेवर येतो. जास्तीच्या स्टेपनीऐवजी पंक्चर किट आणि चांगला काँप्रेसर घे. याला प्लॅटफॉर्म लागतच नाही. जिम्नीच्या टपाला दोन्ही बाजूंनी पन्हळ आहे, तिच्यावर बसणारे दोन आडवे बार घे, जोडी पाचेक किलोची येते, वर एक वॉटरप्रूफ बॅग बांध. झालं तुझं लेह.

एवढं का सांगतोय, तर मी हे सगळं करून बसलोय. माझ्या जुन्या जिप्सीला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची पाइपचं दणदणीत कॅरिअर करून घेतलं होतं, दिसायला काय होतं म्हणून सांगू, मित्र फोटो काढायचे. वरंधा घाटात वारा कॅरिअरमधून एकसारखा घुमत होता तो अचानक बंद झाला आणि टिक टिक आवाज सुरू झाला. उतरून बघतो तर डावीकडचा पुढचा क्लॅम्प लोंबतोय, नट कुठेतरी घाटात गेलेला, पन्हळीत नुसता वायसर पडलेला. आतून प्लॅस्टिकचं कडं असलेला नायलॉक नट वापरला असता तर हे झालं नसतं, पण तो नट बसवणारा आणि बसवून घेणारा दोघेही घाईत होतो. पत्र्याला पडलेली ती पोच गाडी विकेपर्यंत तशीच होती. तेव्हापासून नियम, कॅरिअर लावल्यावर पहिल्या ५०-१०० किलोमीटरला थांबून सगळे नट एकदा पान्याने बघायचे, मग कच्च्या रस्त्यावर रोज सकाळी चहाआधी.

आणि गाडी कलंडायचं म्हणशील तर कागदावर फार काही दिसत नाही. टपावर ६० किलो टाकले तर गाडीचा गुरुत्वमध्य पाचेक सेंटिमीटर वर जातो, उभ्या गाडीचा कलंडायचा कोन जेमतेम दोन डिग्रीने कमी होतो, मग लोक म्हणतात एवढंच ना! पण आडव्या उतारावर खालचं चाक खड्ड्यात जातं, त्या बाजूचा स्प्रिंग दबतो, टप झुलतो आणि वरचं वजन झुल्यासारखं त्याच बाजूला ओढत नेतं. ते कागदात येत नाही, पोटात येतं.

आणि एलईडी बार? तो कुणाचं ऐकून विकत घेऊ नकोस.

प्रश्न: माझी २०२१ ची थार आहे, हार्डटॉप. मला टपावरचा तंबू लावायचा आहे, शिडीवाला. दुकानदार म्हणतो सहज बसेल. बसेल का? – कोल्हापूरहून एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, बसेल, प्रश्न कशावर बसेल हा आहे. तुमच्या थारचा हार्डटॉप फायबरचा आहे, पत्र्याचा नाही. त्याला भोकं पाडून किंवा त्याच्यावर पाय टेकवून तंबू लावायचा म्हणजे कौलांवर कपाट ठेवण्यासारखं. दोन माणसांचा तंबू ५०-६० किलोचा येतो. गाडी उभी असताना त्यात दोघं झोपलात की दोनशेच्या आसपास. उभ्या गाडीला टप जास्त पेलतो हे खरंय, उभ्याचं वजन आणि चालतीचं वजन असे दोन वेगळे आकडे असतात, दुकानदार तुम्हाला नेहमी उभ्याचा, मोठा आकडा सांगतो आणि तुम्ही घाटातून तंबू घेऊन चालत्या गाडीने जाणार असता.

लावायचाच असेल तर ज्याचे पाय विंडशील्डच्या चौकटीवर आणि मागच्या बाजूला लोखंडी बॉडीवर बोल्टने बसतात, फायबरला स्पर्शही करत नाहीत, असंच कॅरिअर घ्या. दुकानदाराला एवढंच विचारा की ‘वजन शेवटी कुठे उतरतं ते बोट ठेवून दाखवा’. बोट फायबरवर गेलं की नमस्कार करून निघा. २०२४ ला आलेल्या थार रॉक्सचा टप धातूचा आहे, पण वरच्या मॉडेलला मोठा सनरूफ आहे, त्यामुळे तिथेही आधी बघूनच. खरं सांगू का, महिन्यातून एक रात्र पन्हाळ्याच्या बाजूला काढायची तर जमिनीवरचा तंबू टाका. रात्री उठावं लागलं तर शिडी उतरावी लागत नाही, आणि सकाळी दूध आणायला जाताना घर मोडून गाडी काढावी लागत नाही.

प्रश्न: कॅरिअर लावलं तर आरटीओवाले पकडतात का? – नाशिक

उत्तर: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवर नोंदलेल्या गोष्टी कंपनीने दिल्यापेक्षा वेगळ्या होतील असा बदल करायचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर, म्हणजे गाडीच्या पुढे लावतात त्या लोखंडी दांड्यांवर, कारवाई करायला सांगितलं ते याच कलमाच्या आधाराने. कॅरिअरचं म्हणाल तर मी एवढंच करतो, वेल्डिंग कधीच नाही, पत्र्याला भोक नाही, अर्ध्या तासात पान्याने उतरेल असंच. सामान बाहेर लोंबू देत नाही, आणि ट्रिप संपली की उतरवतो, त्याने ॲव्हरेजही वाचतं. कंपनीची ॲक्सेसरी मिळत असेल तर ती घ्या आणि बिल गाडीत ठेवा. आणि इन्शुरन्सवाल्याला कळवा, हे कुणी करत नाही आणि क्लेमच्या वेळी मग तोंड बघतात.

प्रश्न: आमची जुनी बोलेरो आहे, टपाला पन्हळ आहे. हंगामात आंब्याच्या पेट्या, गणपतीत माटवीचं, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या सजावटीचं सामान, पाहुण्यांच्या बॅगा. पोरगा म्हणतो ॲल्युमिनियमचं घ्या, मी म्हणतो लोखंडी. आणि लग्नाच्या वरातीत वर दोन-चार पोरं बसली तर चालतील ना? – देवगड तालुक्यातून

उत्तर: काका, या वेळी तुमचं बरोबर, पोराला सांगा. तुम्हाला रोज चढवायचं-उतरवायचं आहे, पेट्या आपटणार, दोऱ्या घासणार, काही मोडलं तर गावात वेल्डिंगवाला पाहिजे. लोखंडी जागच्या जागी दुरुस्त होतं, ॲल्युमिनियमचं वेल्डिंग तालुक्यात कुणाला जमतं ते शोधत फिरावं लागतं. बोलेरोला तीस किलो जास्त झाले तरी ती कुरकुरत नाही, तिच्यावर आख्खा संसार गेलेला आहे. तरी टपाची मर्यादा तुमच्याही गाडीला आहेच, म्हणून पेट्यांचा एकच थर, दुसरा थर आत.

तुमचा खरा शत्रू खारा वारा. कॅरिअर बाहेरून गंजलं तर दिसतं, आतून गंजतं ते दिसत नाही. पाइपची टोकं उघडी ठेवली की पावसाचं पाणी आत जातं आणि तिथेच राहतं, दोन पावसाळ्यांत पाइप आतून पोकळ वाळवी लागल्यासारखा. म्हणून टोकं पत्र्याची टोपी वेल्ड करून बंद करून घ्या आणि प्रत्येक आडव्या पाइपला सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक ठेवायला सांगा, म्हणजे वेल्डच्या फटीतून शिरलेलं पाणीही निघून जाईल. शक्य तर जीआय पाइप घ्या, फक्त वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो तिथे झिंक प्रायमरचे दोन हात द्या. क्लॅम्पच्या खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, पण पावसाळ्याआधी तो काढून खाली साचलेली लाल माती धुवा, नाहीतर ती माती पॉलिश पेपरसारखी रंग घासून काढते. ताडपत्री चारही कडांना आवळा, फडफडणारी ताडपत्री पेट्या उचलते.

वरातीचं मात्र नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२३, टपावर, बॉनेटवर, पायरीवर बसून जायला बंदी आहे. आणि पोरं वर बसून नाचतात हो, बसत कुठे आहेत.

प्रश्न: क्रॉस बार लावल्यापासून ७०-८० ला अशी शिट्टी वाजते की बायको गाडीत बसत नाही. – ठाणे

उत्तर: गोल बारवरून वारा जाताना मागे एकसारखे भोवरे सुटतात, त्यांची शिट्टी. बारवर साधी नायलॉनची दोरी पिळासारखी गुंडाळा, चार बोटांचं अंतर सोडत, दोन्ही टोकं टेपने बांधा. भोवऱ्यांची लय मोडते आणि आवाज जातो. कारखान्यांच्या उंच चिमण्यांना वरच्या बाजूला पिळासारखी गुंडाळलेली पट्टी असते ना, ती याच कामासाठी. दिसायला बरं नाही दिसत, पण वीस रुपयांत बायको परत गाडीत बसते. नाही जमलं तर पुढच्या बारला वारा वळवणारी फळी मिळते ती लावा.

आणि बार लावलेली गाडी आत घालायच्या आधी सोसायटीच्या बेसमेंटची उंची मोजा. पाटीवर लिहिलेली नको, खाली लोंबणारा फायरचा पाइप असतो त्याच्या खालून टेप धरून. आमच्या सोसायटीत त्या पाइपवर तीन वेगवेगळ्या रंगांचे ओरखडे आहेत, त्यातला हिरवा माझा.