‘मेक अप’ची इतकी रूपे ओळखावीत कशी?

प्रश्न : मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. सरावाच्या एका उताऱ्यात दोन भावांविषयी ‘दे मेड अप बिफोर दिवाळी’ असे वाक्य आले. मेकअप चेहऱ्याला करतात एवढेच ठाऊक असल्यामुळे मी गोंधळले. शब्दकोश उघडला, तर अर्थांची रांगच निघाली. हे सगळे पाठ करायचे का? आणि क्लासमध्ये सांगतात त्याप्रमाणे, लेखी इंग्रजीत अशा क्रियापदाऐवजी नेहमी एखादा भारदस्त शब्द वापरणेच बरे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : त्या भावांची दिवाळीपूर्वी दिलजमाई झाली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ आहे. अर्थांची रांग पाठ करण्याची गरज नाही, कारण ‘मेक अप’चा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या पुढे येणारे कर्म ठरवते. कर्म गोष्ट किंवा सबब असेल, तर ती मनाने रचली; तूट असेल, तर ती भरून काढली; अंथरूण असेल, तर ते घातले; ‘माइंड’ असेल, तर निश्चय केला. कर्मच नसेल आणि वाक्यात दोन माणसे असतील, तर भांडण मिटले असे खुशाल समजावे.

परकीयांना येथे ठेच लागते, हे खुद्द इंग्रजांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच, क्रियापदामागे एखादे छोटे अव्यय लावून अर्थ पालटण्याची ही रीत परदेशी माणसाला सर्वांत जड जाते, असे नोंदवले आहे. अर्थात ‘करून टाकले’, ‘करून पाहिले’ आणि ‘करून बसला’ यांतला फरक अमराठी माणसाला समजावून सांगण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याने इंग्रजीविषयी फार तक्रार करू नये.

खरी गुंतागुंत ‘मेक अप’मध्ये ‘इट’ शिरले की सुरू होते, आणि परीक्षेतले प्रश्नही अशाच जागा हेरून काढता येतात. ‘ही मेड इट अप’ म्हणजे त्याने ते पदरचे सांगितले, त्यात तथ्य नव्हते. त्याच वाक्यापुढे ‘विथ हिज ब्रदर’ जोडले, की त्याने भावाशी समेट केला असा अर्थ होतो; येथले ‘इट’ म्हणजे ते भांडण. ‘विथ’ काढून ‘टू हिज ब्रदर’ लिहिले, तर भावाला आपल्यामुळे जो त्रास झाला किंवा जे गमवावे लागले, त्याची त्याने भरपाई केली. ‘आय विल मेक इट अप टू यू’ हे वाक्य वाढदिवसाला येऊ न शकलेला मित्र म्हणतो, ते याच अर्थाने. आता त्यातले ‘इट’ वगळून ‘ही मेड अप टू हिज बॉस’ असे लिहून पाहा : तो साहेबांपुढे गोंडा घोळू लागला! हा शेवटचा वापर मुख्यतः ब्रिटनमधला आहे. एका ‘इट’च्या असण्या-नसण्याने आणि ‘विथ’च्या जागी ‘टू’ आल्याने माणूस थापाड्या, समंजस, दिलदार किंवा लाळघोट्या ठरतो, म्हणून ही चार वाक्ये मात्र वहीत एकाखाली एक लिहून ठेवावीत.

नुकसान किंवा वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी ‘मेक अप फॉर’ वापरतात. कमी पडणारी रक्कम घालायची असेल, तर ‘फॉर’ लागत नाही : हजाराच्या वस्तूसाठी धाकट्याकडे आठशेच असतील आणि उरलेले दोनशे आजीने घातले, तर ‘शी मेड अप द डिफरन्स’. उशिरा सुटलेली गाडी वाटेत दहा मिनिटे भरून काढते, तेव्हाही ‘मेड अप टेन मिनिट्स’ असेच म्हणतात.

औषधाच्या अर्थाला आपल्याकडचे एक चित्र जोडून घेता येईल. पूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी आतल्या खिडकीत दिली, की कंपाउंडर बाटलीत औषध मिसळून, ती हलवून, तिच्यावर डोसाच्या खुणांसाठी कडेने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून देत असे. तो जे करी, त्याला इंग्रजीत ‘मेक अप अ प्रिस्क्रिप्शन’ म्हणतात.

आता भारदस्त शब्दांविषयी. ‘नेहमी’ हा शब्द सोडला, तर क्लासचा सल्ला मानता येईल. ‘रचणे’ या अर्थी ‘इन्व्हेंट’, ‘फॅब्रिकेट’ आणि ‘कॉन्कॉक्ट’ असे तीन पर्याय हमखास दिले जातात, पण त्यांचे वजन सारखे नाही. ‘इन्व्हेंट’मध्ये दोष असेलच असे नाही. ‘फॅब्रिकेट’ला कोर्टकचेरीचा वास आहे, १८६० च्या भारतीय दंड संहितेतले १९२ वे कलम खोटा पुरावा तयार करण्याविषयीचे होते आणि तेथे हेच क्रियापद वापरलेले होते. ‘कॉन्कॉक्ट’ ज्या लॅटिन शब्दांवरून आला, त्यांचा अर्थ एकत्र शिजवणे असा आहे. मराठीतही कट शिजतो, त्यामुळे हा शब्द आपल्या लक्षात राहायला सोपा. पण नातवंडांना झोपवताना आजोबा मनाने गोष्ट रचून सांगत असतील, तर तेथे ‘फॅब्रिकेट’ लिहिणे म्हणजे त्या बिचाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. ‘रिकन्साइल’चेही तसेच आहे : दुरावलेले पती-पत्नी किंवा युद्ध केलेली राष्ट्रे यांच्यासाठी तो शब्द शोभतो, मधल्या सुट्टीत भांडून शाळा सुटेपर्यंत गळ्यात गळे घालणाऱ्या मुलींसाठी ‘मेड अप’च हवे.

‘मिळून बनणे’ या अर्थाचे पर्याय मात्र व्याकरणासाठी नीट पाहावे लागतात. महाराष्ट्र विधानसभेचे २८८ सदस्य घ्या. सदस्य ‘मेक अप’ करतात किंवा ‘कॉन्स्टिट्यूट’ करतात आणि सभागृह ‘इज मेड अप ऑफ’ असते. म्हणजे कर्तरी प्रयोगात घटक कर्ता, कर्मणीत समग्र वस्तू. ‘कॉम्प्राइज’ची दिशा उलटी असून सभागृह २८८ सदस्यांना ‘कॉम्प्राइजेस’, आणि त्याच्या पुढे ‘ऑफ’ येत नाही. ‘इज कॉम्प्राइज्ड ऑफ’ ही रचना इंग्रजी वृत्तपत्रांतही सर्रास दिसते, तरी चोखंदळ संपादक ती खोडतात, आणि चूक शोधण्याच्या प्रश्नात ती आली, तर चूक म्हणूनच खूण करावी, असे माझे मत आहे.

लेखनाबाबत एवढेच, की क्रियापद असताना दोन्ही शब्द सुटे लिहावेत आणि बोलताना जोर ‘अप’वर द्यावा, नाम असताना ते जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहावे आणि जोर ‘मेक’वर द्यावा. या नामाचाही ‘घडण’ असा एक अर्थ आहे, म्हणून ‘जेनेटिक मेकअप’ वाचून ब्युटी पार्लर आठवू नये.

प्रश्न : आमचा मुलगा लिव्हरपूलला नोकरी करतो. त्याला बढती मिळाल्याचे कळल्यावर त्याच्या तिथल्या सहकाऱ्याने ‘आय ॲम मेड अप फॉर यू’ असा निरोप पाठवला. यात काही टोमणा आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुळीच नाही. लिव्हरपूलच्या बोलीत ‘मेड अप’ म्हणजे अतिशय आनंद झालेला, आपल्या भाषेत हरखून गेलेला. सहकाऱ्याने मनापासून अभिनंदन केले आहे. सातारच्या वाचकांनी हा अर्थ परीक्षेच्या वहीत उतरवण्याची आवश्यकता नाही.