वडील तुरुंगात, आई वेगळी राहते. मुलगाही त्याच वाटेला जाईल का?

नाही, तसं काही ठरलेलं नसतं. वडील चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगताहेत, तुमची बहीण मुलाला घेऊन वेगळी राहते, एवढ्यावरून घरचे नऊ वर्षांच्या भाच्याला ‘रक्तातच आहे’ म्हणतात, हे वाचून फार वाईट वाटलं.

आधी रक्ताचंच बघू. डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांवरचा एक मोठा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. जन्मदात्यांना शिक्षा झालेली, पण दत्तक घर सरळमार्गी, अशा मुलग्यांपैकी २० टक्के पुढे दोषी ठरले. दोन्हीकडचे पालक निर्दोष होते तिथे हा आकडा १३.५. फरक आहे, पण ऐंशी टक्के मुलं दोषी ठरलीच नाहीत!

गुन्हा केलेल्या वडिलांसोबत वाढलेल्या मुलांत धोका जास्त दिसतो, हेही सांगायला हवं. दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलग्यांचा अभ्यास १९६१ मध्ये सुरू झाला आणि अनेक दशकं चालला. वडिलांना शिक्षा झालेल्यांपैकी ६३ टक्के मुलगे पुढे स्वतः दोषी ठरले, बाकीच्यांतले ३०. गंमत नाही ही. पण असे बाप मुलांना गुन्हे शिकवतात असं मात्र तिथे आढळलं नाही; उलट मुलाने गुन्हा केलेला त्यांना आवडत नसे. मूल कुठे जातं, कोणासोबत असतं याकडे अशा घरांत लक्ष कमी होतं. शिवाय बापाचं नाव पोलिसांना माहीत असलं की पोराकडे नजर लवकर वळते.

घर मोडल्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण बहिणीला सगळे त्यावरूनच बोल लावत असणार. अमेरिकेत गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅकॉर्ड यांनी मुलग्यांच्या चार गटांची तुलना केली. घर मोडलेलं आणि आईची माया नाही, तिथे ६२ टक्के गुन्ह्यांकडे वळले. आई-वडील एकत्र पण सतत भांडणं, तिथे ५२. एकत्र आणि शांत घरात २६. आणि घर मोडलेलं पण आई मायाळू, तिथे २२. म्हणजे मुलासाठी एकत्र राहायलाच हवं होतं, हा सल्ला किती चुकीचा आहे बघा. लंडनमध्येही आईजवळ राहिलेले मुलगे शांत, एकत्र घरातल्या मुलांइतकेच ठीक निघाले.

म्हणून बहिणीला एकटं पडू देऊ नका. ती कामावर असताना भाचा रोज एकाच ओळखीच्या माणसाजवळ असू द्या, शक्यतो शाळा बदलू नका. वडील कुठे आहेत हे त्याला घरच्यांनीच खरं सांगावं, बाहेरून कळण्याआधी. ‘बापावर गेलाय’ हे वाक्य घरात पुन्हा कोणी काढलं तर त्याच्यादेखत थांबवा. आणि वडिलांना भेटायचं असेल तर त्याला घेऊन जा. नको म्हणाला तर आग्रह करू नका.