संदेश सोडियमने आणला, मग कॅल्शियम कशाला?

चेतातंतूतला विद्युत संदेश सोडियम-पोटॅशियमच्या जोरावर पुढे सरकतो, तर सिनॅप्सपाशी, म्हणजे तो तंतू पुढच्या पेशीला भेटतो त्या सांध्यापाशी, आल्यावर कॅल्शियम चॅनलची (कॅल्शियमला पेशीत येऊ देणाऱ्या दारांची) गरज का पडते, असे आपण विचारले आहे.

ठाण्यातील महाविद्यालयात शिकत असताना याचे उत्तर मला पुस्तकाआधी बेडकाच्या पोटरीच्या स्नायूत दिसले. नस जोडलेली ठेवून तो स्नायू कॅल्शियम न घातलेल्या रिंगर द्रावणात (शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या पाण्यात) ठेवला, की थोड्या वेळाने नसेला विजेचा झटका देऊनही स्नायूच्या आकुंचनाची नोंद करणाऱ्या, काजळी धरलेल्या ड्रमवरची रेघ सपाट राहत असे. तोच झटका थेट स्नायूला दिला, तर तो लगेच आकसत असे. घोडे अडले होते ते दोघांच्या सांध्यापाशी. द्रावणात कॅल्शियम क्लोराइड घातले आणि काही मिनिटांत रेघ पुन्हा उचलू लागली, ते दृश्य आजही डोळ्यांसमोर आहे.

सोडियम पेशीत आधीपासूनच बरेच असते, त्यामुळे आणखी थोडे आत आल्याने विद्युतदाब बदलतो, पण रासायनिकदृष्ट्या फारसे काही घडत नाही. कॅल्शियम मात्र पेशी सतत बाहेर काढत असते. आतल्यापेक्षा बाहेर ते सुमारे दहा हजार पट असते. म्हणून विद्युतदाब बदलून मोजकेच चॅनल क्षणभर उघडले, तरी त्यांच्या तोंडाशी कॅल्शियम एकदम शेकडो पटींनी वाढते. न्यूरोट्रान्समीटरने, म्हणजे संदेश पलीकडे नेणाऱ्या रसायनाने, भरलेल्या पिशव्या तिथूनच काही दशक नॅनोमीटरवर सज्ज असतात. सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन कॅल्शियमला धरते आणि पिशवीचे पटल पेशीपटलात मिसळून रसायन बाहेर पडते. हे सारे मिलिसेकंदाच्या अंशात उरकते.

यातला वेळेचा नेमकेपणा मला विशेष मोलाचा वाटतो. कॅट्झ आणि मिलेदी या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये बेडकाच्या चेता-स्नायू संधीवर दाखवले, की कॅल्शियम विद्युत स्पंदाच्या किंचित आधी दिले तर संदेश पलीकडे जातो, स्पंदानंतर लगेच दिले तर जात नाही. शिवाय कॅल्शियम कमी असताना रसायनाचे स्रवण त्याच्या जवळपास चौथ्या घातानुसार बदलते. कॅल्शियम निम्म्यावर आले, तर स्रवण सोळाव्या हिश्शावर येते.

म्हणूनच लॅम्बर्ट-ईटन विकारात, शरीराचीच प्रतिपिंडे चेताग्रांवरचे (चेतातंतूंच्या टोकांवरचे) हे चॅनल कमी करतात तेव्हा, हातापायांतली ताकद जाते. मात्र अशा रुग्णाला काही सेकंद जोर लावायला सांगितला, तर ताकद थोडी वाढलेली आढळते, कारण लागोपाठच्या स्पंदांनी चेताग्रात कॅल्शियम साचत जाते.