“मी बोलावलं आणि कुणाला काही झालं तर?”

मी समुपदेशनाचं काम करते. कोरोनाच्या काळात हा प्रश्न मला शिकवणीवर्ग चालवणाऱ्यांनी विचारला, लग्नघरच्या यजमानांनी विचारला, दुकान उघडून बसलेल्यांनी विचारला. त्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

काकू सत्तरीच्या, राहायला इंदूरच्या रामबागेच्या बाजूला. त्यांच्या घरी बायकांचं भजनी मंडळ वर्षानुवर्षं चालत आलेलं. माझ्याकडे आल्या तो ऑक्टोबर २०२१. देशात लसीचे १०० कोटी डोस नुकतेच पूर्ण झाले होते, बाजार भरू लागले होते आणि मंडळातल्या बायका मागे लागल्या होत्या, “काकू, कार्तिक आला, निदान काकडा तरी सुरू करू या.” काकूंच्या तोंडून हो निघेना, नाहीही निघेना. झोप उडाली होती.

कारण दुसऱ्या लाटेत मंडळातली त्यांची जिवाभावाची मैत्रीण गेली. मार्च २०२१ च्या सुरुवातीला काकूंकडे भजन झालं होतं, एप्रिलच्या मध्याला तिला ताप आला, महिनाअखेर ती गेली. “माझ्या घरूनच घेऊन गेली ती,” असं काकूंनी मनाशी पक्कं धरलं होतं.

आम्ही तारखा मांडल्या. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण दोन ते चौदा दिवस लागतात. इथे मध्ये सहा आठवडे गेले होते. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तारखेनं सुटले गं मी. पण त्या दिवशी खिडक्या लावलेल्या होत्या, दोघी खोकत होत्या, आणि मी कुणाला काही म्हटलं नाही.”

या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मैत्रिणीच्या मृत्यूचा दोष आणि त्या दिवशीची बेफिकिरी या दोन वेगळ्या गोष्टी काकूंच्या मनात एकमेकींत गुंतल्या होत्या. पहिलीचा भार त्यांचा नव्हता. दुसरीची टोचणी मात्र खरी होती. ‘देवाची इच्छा’ म्हणून तिच्यावर पडदा टाकणं मला योग्य वाटलं नाही, कारण पुढे तीच उपयोगी पडणार होती.

आमच्याकडे अशा वेळी कागदावर एक वर्तुळ काढायला देतात. जे घडलं त्याला कोण-कोण, काय-काय कारण, त्याचे वाटे पाडायचे, आणि स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. काकूंनी चश्मा पुसला आणि पेन्सिलीनं एकेक रेघ मारली: विषाणू, मैत्रिणीचा जुना मधुमेह, मधे झालेलं एक लग्न, वेळेवर न मिळालेला बेड, आणि ‘आता संपलं’ म्हणून फेब्रुवारीत मोकळे झालेलो आपण सगळे. शेवटी उरली ती बोटभर फट. “एवढाही वाटा नसेल तुमचा, काकू,” मी म्हटलं. “असू दे,” त्या म्हणाल्या, “तेवढा मला हवाय.”

मग प्रश्न पुढचा. त्या दिवसांत जो तो म्हणायचा, “ज्याची त्याची जबाबदारी, ज्याला यायचं त्यानं यावं.” मला हे कधीच पटलं नाही. भजनाला यायचं ठरवते सून, आणि बाधा होते घरात पडून असलेल्या सासूला, जिला कुणी विचारलेलंही नसतं. इंदूरनं दोन्ही टोकं पाहिली आहेत. २२ मार्च २०२० ला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, राजवाड्यावर थाळ्या वाजवत जमलेली गर्दीही पाहिली आणि नंतरचे दाराला कडी लावून काढलेले महिनेही. या दोहोंच्या मध्ये काही असतं, हे सांगणारं कुणी भेटत नव्हतं.

भजनाच्या बाबतीत तर धोका नेमका माहीत होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० ला एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण होते. त्यातल्या एकाला आधीपासून लक्षणं होती. नंतर ५२ जण निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले, दोघं दगावले. मोठ्यानं गाताना तोंडातून सूक्ष्म थेंब जास्त उडतात आणि बंद खोलीत हवेत तरंगत राहतात. म्हणून पहाटेच्या थंडीत, दारं लावून काकडा नको, हे काकूंनी स्वतःच ठरवलं. दुपारी तीन ते चार, गच्चीवर, अंतर ठेवून बसायचं. दोन्ही डोस झालेल्यांनीच यायचं. सर्दी असेल तर यायचं नाही.

मी एकाच गोष्टीचा आग्रह धरला: सुरू करतानाच बंद कधी करायचं ते ठरवा आणि सगळ्यांना आधी सांगा. ठरलं, की दोन घरांत रुग्ण निघाले की भजन थांबेल, चर्चा नाही.

सगळ्यात अवघड गेला तो फोन. माझ्या खोलीत आम्ही त्याची चक्क तालीम केली. पहिल्यांदा काकू म्हणाल्या, “येशील ना गं? तुझ्याशिवाय रंग नाही.” मी विचारलं, आता हिला नाही कसं म्हणता येईल? मग वाक्य बदललं: “सोमवारपासून गच्चीवर बसतोय. धोका कमी केलाय, संपलेला नाही. घरात कोण-कोण आहे ते बघ, त्यांना विचार. नाही आलीस तरी तुझं नाव वहीत राहील.” हे शेवटचं वाक्य काकूंचं स्वतःचं. मंडळाच्या हजेरीच्या वहीतून नाव कटण्याची धास्ती बायकांना किती असते, ते त्यांनाच ठाऊक.

वहीतली सगळी नावं त्यांनी दोन दिवसांत फिरवली. एकीच्या यजमानांची केमोथेरपी चालू होती. ती म्हणाली, “बरं झालं विचारलंत, मी नाही येत.” तिच्यासाठी गच्चीवर मोबाईल चालू ठेवायचं ठरलं. काहींनी तोंड वाकडं केलं. काकूंना पहिले चार-पाच सोमवार पोटात गोळा यायचाच. तो जावा म्हणून आम्ही थांबलो नाही. गोळा असताना फोन करता येतो, सतरंजी घालता येते, हे त्यांचं त्यांनाच दिसलं.

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली. दोन घरांत रुग्ण निघाले तसं काकूंनी ग्रुपवर एका ओळीत कळवलं आणि भजन थांबवलं. त्यासाठी त्यांना माझ्याकडे यावं लागलं नाही. फेब्रुवारीत पुन्हा गच्ची उघडली. एक जुनी सदस्य मात्र ‘उगाच घाबरवतात’ म्हणून रुसली, ती मार्चपर्यंत आली नाही. त्याचं काकूंना वाईट वाटलं, पण झोप उडाली नाही.