पुन्हा बांधलेल्या रोटरी इंजिनात आतून काही तुटलंय का, हे न खोलता कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की माझदा आरएक्स-८चं इंजिन नव्याने बांधून घेतलं, सुरुवातीला गाडी चांगली पळाली. आता गरम इंजिन बंद केलं की पुन्हा लवकर सुरू होत नाही, आयडलिंगला गाडी थरथरते आणि सकाळी पांढरा धूर येतो. साध्या गेजवर दोन्ही रोटरचं (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी तुकड्यांचं) कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, ७ बार आलं, म्हणून तुम्हाला ‘इंजिन ठणठणीत आहे’ असं सांगण्यात आलं.

त्या ७ बारवर विसंबू नका. पिस्टन इंजिनसाठी बनवलेल्या गेजमध्ये एक छोटा व्हॉल्व असतो. आलेला सर्वांत जास्त दाब तो धरून ठेवतो. रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्ही एकाच प्लगसमोरून आळीपाळीने जातात. त्यामुळे गेज फक्त सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा दाखवतं, उरलेल्या दोन मेलेल्या असल्या तरी. एवढंच कळतं की प्रत्येक रोटरची निदान एक बाजू शाबूत आहे.

तुम्हाला सहा आकडे हवेत, दोन रोटरचे तीन-तीन. रोटरी टेस्टर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर साध्या गेजमधला तो व्हॉल्व काढून टाका, सेल्फ मारताना काट्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि सावकाश बघा. काटा तीन-तीनच्या लयीत उसळताना दिसेल. आकडे नेमके येत नाहीत, पण कुठली उसळी खुजी आहे ते लपत नाही. इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण भरलेली, इंधन आणि ठिणगी बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सेल्फ किती वेगाने फिरवतोय तेही नोंदवा, कारण कंपनीची मापं मिनिटाला २५० फेऱ्यांची आहेत. सेल्फ मंद असेल तर चांगलं इंजिनही कमी दाखवतं. आरएक्स-८साठी किमान ६८० किलोपास्कल (६.८ बार), एकाच रोटरच्या बाजूंमध्ये फार तर १५०चा आणि दोन रोटरमध्ये १००चा फरक चालतो.

माझ्या मते आकडा किती आला यापेक्षा तो सारखा आहे का, हे जास्त महत्त्वाचं. नव्याने बांधलेल्या इंजिनात सील (रोटरवरच्या, दाब अडवणाऱ्या पट्ट्या) अजून हाउसिंगवर, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचावर, घासून बसलेली नसतात, तेव्हा तिन्ही बाजू सारख्याच थोड्या कमी असतील तर घाबरू नका. सांभाळून चालवा आणि काही दिवसांनी पुन्हा मोजा. पण शेजारच्या दोन बाजू पडलेल्या आणि तिसरी धडधाकट असेल, तर त्या दोघींमधलं एपेक्स सील (रोटरच्या टोकावरचं सील) तुटलंय किंवा अडकलंय, असंच मी धरेन, कारण ते सील दोन्ही कप्प्यांची सामाईक भिंत असतं. एकच बाजू पडली असेल तर संशय साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या सपाट अंगावरच्या सीलवर, जातो. थंड असताना बरे आकडे आणि गरम झाल्यावर घसरण, हे दिसलं तर बांधणाऱ्याला साइड सील आणि कॉर्नर सील (कोपऱ्यातलं सील) यांच्यामधली फट किती ठेवली ते विचारा. ती ०.०५ ते ०.१५ मिमीच्या आसपास असायला हवी. फारच कमी ठेवली तर सील तापून लांबतं आणि आवळून बसतं.

एक सावधगिरी: इंजिन पेट्रोलने ओव्हर झालेलं असेल तर तेलाचा थर धुतला जाऊन सगळेच आकडे पडतात. अशा वेळी प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, इंजिन सुरू करून तापवा, मगच मोजा.

पांढऱ्या धुराची मला जास्त काळजी वाटते. बांधल्याबरोबर पहिल्यांदा सुरू केल्यावर निघणारा धूर वेगळा. आत लावलेलं तेल-ग्रीस जळून जातं. तुमचा धूर नंतर सुरू झालाय. कूलंट कमी होतंय का, धुराला गोडसर वास आहे का, बघा. रात्री प्रेशर टेस्टरने कूलिंग सिस्टिमला रेडिएटर कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्या आणि तसंच ठेवा. सकाळी प्लग काढून, इंधन आणि ठिणगी बंद ठेवून सेल्फ मारा. भोकातून पाण्याचा फवारा आला तर कूलंट सील, म्हणजे कूलंटला आत येऊ न देणारं रबरी सील, गेलं. बांधताना ते खाचेत दुमडलं की असं होतं. यावर बाहेरून काही उपाय नाही, लीक बंद करणारी औषधं ओतू नका, आणि इंजिन चालवूही नका. आत साचलेलं कूलंट तेलाचा थर धुतं, सील गंजवतं, आणि आज जे हाउसिंग वापरण्याजोगं आहे ते उद्या भंगारात जातं.

एंडोस्कोप कॅमेरा (बारीक नळीवरचा कॅमेरा) खालच्या प्लगच्या भोकातून घाला. वरचं फारच लहान असतं. हाउसिंगच्या क्रोमवर उभे-आडवे खोल ओरखडे दिसतात का ते बघायचं. जुन्या आरएक्स-७मध्ये एक्झॉस्ट पोर्टमधून (जळलेला वायू बाहेर जायच्या भोकातून) एपेक्स सील थेट दिसतात, तुमच्या गाडीत ते पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये असल्याने ती सोय नाही. ऑइल फिल्टर कापून घडी उलगडा: चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी भागांचे, तांबूस चमक बेअरिंगची. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर रोटर ज्यावर बसतात त्या शाफ्टचा पुढे-मागे होणारा खेळ डायल गेजने मोजा. ०.०४ ते ०.०७ मिमी ठीक, ०.०९च्या पुढे नाही. शाफ्टचा पुढचा बोल्ट आवळताना थ्रस्ट बेअरिंग (हा खेळ आवरणारं बेअरिंग) जागेवरून सरकून चिरडलं जाणं ही रोटरी बांधतानाची ओळखीची चूक आहे.

इंजिन खोलायची वेळ आली तर स्वतः हजर राहा. प्रत्येक सील कुठल्या रोटरच्या कुठल्या खाचेतून निघालं, याचा पुसायच्या आधी फोटो घ्या आणि त्याच खुणेच्या पिशवीत ठेवा. ते सहा आकडेही सोबत न्या. पडलेली बाजू आणि खराब निघालेलं सील जुळलं नाही, तर इंजिन परत जोडू देऊ नका. खरं कारण अजून सापडलेलं नाही.